शेरडांची साक्ष

पोपट : आबा, तुम्हीच सांगा आता हिला. अंगाला माशासारखी खवलं, मांजरापेक्षा थोरलं, आन् हात लावला की चेंडू होतो. असलं जनावर कुठं असतं का?

गिताबाई : हात कुठं लावला? काठीनं ढोसलं.

पोपट : एकच ते, आई! शिरूरच्या डेपोत कंडक्टर मला म्हणतो, पोपटराव, तुमच्या आईला माळावर मासा चरताना दिसला म्हणं. सगळा डेपो हसला.

गिताबाई : मग त्यांची करमणूक झाली की फुकटात.

मल्हारी : पण पोपट, तू एवढा का तापलाईस?

पोपट : हिची नजर गेली, आबा. मागल्या महिन्यात बांधावरनं घसरली, आता हे. उद्या बाजारात शेरडं विकून टाकतो. घरात बसूदे सुखानं.

गिताबाई : सुखानं! बहात्तरच्या दुष्काळात वणवण हिंडून पाला आणला, एक शेरडू मरू दिलं न्हाई. आता माळ हिरवा झालाय तर इकायची व्हय? घरात बसवलंस तर मी झुरून मरीन बघ. आबा, तुमची उभी हयात मेंढरामागं गेली. खरं-खोटं तुम्हीच करा.

मल्हारी : बरं. काय दिसलं ते पयल्यापासनं सांग, गिता.

गिताबाई : परवा दिवस कलला व्हता. थोरल्या वारुळापाशी खुडबुड आयकली. बघते तर तोंड निमुळतं, मुंगसावानी. शेपूट जाडजूड. आन् पाठीवर कौलं वो, एकावर एक चढवलेली.

पोपट : घोरपड असंल.

गिताबाई : घोरपड मला शिकवू नगस. घोरपड बिळात पळती. ह्यानं जागच्या जागी मुटकुळं केलं.

पोपट : मग साळिंदर.

गिताबाई : काटं न्हाईत रं बाबा, कौलं! कौलं!

मल्हारी : थांबा दोघंबी. शेरडांनी काय केलं?

पोपट : शेरडं काय करणार, आबा?

मल्हारी : आम्ही आधी कळपाकडं बघायचो, मग जनावराकडं. लांडगा असला की कळप एका जागी गोळा व्हतो. तरसाचा वास आला की पाय आपटत्यात. बोल, गिता.

गिताबाई : कायबी न्हाई! चरत व्हती. आपली मोरी शेळी तर त्याला हुंगून आली आन् परत पाल्याला लागली.

मल्हारी : म्हंजी मांस खाणारं न्हाई. वारूळ उकरलेलं व्हतं?

गिताबाई : पार आतपतूर. मुंग्या नुसत्या सैरावैरा.

मल्हारी : आरं तिच्या! खवल्या मांजर! पोपट, तुझ्या आईनं खवल्या मांजर बघितलं! मला उभ्या जन्मात एकदाच दिसलं, दौंडाकडं मेंढरं नेताना, भीमेच्या काठाला. मुंग्या खाऊन जगतंय. तोंडात एक दात न्हाई बिचाऱ्याच्या.

पोपट : तुम्ही आपली तिचीच बाजू घ्या.

मल्हारी : मग चल की माळावर. असलं भरलेलं वारूळ सोडून ते लांब जायचं न्हाई.

(दिवस मावळतीला. माळावर, वारुळापासून जरा लांब, तिघं बोरीच्या आडोशाला बसलेले.)

पोपट : कुठं आहे? सगळे दगडच दिसतायत.

मल्हारी : मलाबी दिसंना, गड्या.

गिताबाई : हळू बोला. वारुळाच्या डाव्या अंगाला तांबूस धोंडा हाय बघा. त्याची शेपूट हलली आत्ता.

पोपट : धोंड्याची शेपूट? आई, अगं... अगं आई, धोंडा चालतोय!

गिताबाई : वरडू नगस, भितंय ते.

मल्हारी : केलं मुटकुळं!

पोपट : काय देखणं आहे, आई! उद्या डेपोत एकेकाला धरून सांगतो.

मल्हारी : अजाबात न्हाई. सांगितलंस की कुत्री घेऊन येत्याल, मारून टाकत्याल त्याला.

पोपट : मग आईला हसतच राहतील की सगळे.

गिताबाई : राहू देत. म्हणू देत आंधळी. तू बघितलंस न्हवं? माझं भागलं.

मल्हारी : आन् उद्याचा बाजार, पोपट?

पोपट : कसला बाजार, आबा! आई, उद्या मला दुपारची ड्युटी आहे. सकाळी शेरडांमागं मीबी येऊ का?

गिताबाई : ये की. पर माझ्या मागनं चाल, तुला धड दिसत न्हाई.