पाठमोरा फोटो

(शेवगावच्या बाजारपेठेतलं एक कापडदुकान. गल्ल्यामागच्या लहान खोलीत कॅमेऱ्याचा टीव्ही लावलेला.)

अमृतशेठ : थांबा ताई, पुढं पळवतो. सोमवारचंच बघायचंय ना? मावशी दुकानात किती वाजता आल्या होत्या?

सुकन्या : आई, किती वाजले असतील तेव्हा?

पुष्पावती : मला काय ठावं. बाराच्या यस्टीनं उतरले, तितून चालत आले. धनश्रीच्या हळदीला लुगडं घ्यायचं हुतं. भावाची लेक हाय ती माझ्या.

अमृतशेठ : म्हणजे साडेबारा धरू. हं, ह्या बघा. दारातून आत येताय, त्या तुम्हीच ना?

पुष्पावती : मीच हाय. अगं बया, केवढी वाकून चालते मी.

सुकन्या : शेठ, इथं थांबवा. गळ्यात बघा, बोरमाळ दिसतेय.

पुष्पावती : आसनारच की. आईनं घातली तवापासून कवा काढलीय मी ती?

सुकन्या : सोमवारी काढलीत.

अमृतशेठ : बरं, आता ती बाई कोणती, तेवढं सांगा. लग्नसराई आहे, गर्दीत सगळ्या सारख्याच दिसतात.

पुष्पावती : ती काय. चाकलेटी साडी, खांद्याला पिशवी. चांगल्या घरची वाटत हुती. बोलनं बी गोड.

सुकन्या : पण ती तुमच्याकडं कुठं आलीय अजून? त्या जांभळ्या पदराच्या बाईशी बोलतेय.

पुष्पावती : काय बोलती? आवाज न्हाई का येत?

अमृतशेठ : यात आवाज नसतो मावशी. नुसतं दिसतं.

सुकन्या : मोबाईल दाखवतेय तिला. ती नको नको म्हणून बाजूला झाली बघा. आता त्या पोरीकडं निघाली. हिलाही मोबाईल.

पुष्पावती : हिलाबी?

सुकन्या : हो. पोरीनं पर्स पोटाशी धरली. गेली निघून.

पुष्पावती : तोच फोटू दाखवला आसंल का गं त्या दोघींना?

सुकन्या : तुम्हीच सांगा.

पुष्पावती : त्यांचं बी कोन गेलं आसंल लांब.

अमृतशेठ : मावशी, राग मानू नका. ह्या बायकांचा धंदाच आहे तो. दुकानात शिरायचं, एकटं गिऱ्हाईक हेरायचं. आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आला होता तसा मेसेज.

सुकन्या : कधी आला होता?

अमृतशेठ : आधीच्या आठवड्यात.

सुकन्या : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

अमृतशेठ : ताई, असले मेसेज दिवसाला दहा येतात. पोरं पळवणारी टोळी म्हणू नका, गुंगीचा रुमाल म्हणू नका. खरं कुठलं धरायचं? काउंटरवरची मुलगी म्हणाली होती, कागदावर लिहून दाराला लावू. मीच नको म्हटलं. ऐन सिझनमध्ये गिऱ्हाईक दारातूनच फिरलं असतं. खोटं कशाला बोलू.

पुष्पावती : लावला आसता तरी मला कुठं वाचता येतं. तुमी नगा मनाला लावून घेऊ.

सुकन्या : पुढं चालवा शेठ.

अमृतशेठ : हे बघा. आली तुमच्याकडं. लुगड्याच्या पदराला हात लावून काहीतरी म्हणतेय. तुम्ही हसलात. आता दोघी खांबाजवळच्या बाकड्यावर बसलात. बराच वेळ बसलाय. पळवू का?

सुकन्या : नको. बघू द्या.

पुष्पावती : मीच बोलतीय सारखी. ती तर नुसती मान हलवती.

सुकन्या : हं.

अमृतशेठ : आणि हे. मावशी, हे तुम्ही गळ्यातून काढताय. तिनं हात पण लावला नाही. पदराखाली धरून तिच्या पिशवीत तुम्हीच टाकली. पोलीस हेच विचारतील बघा. हिसकावली नाही, चोरली नाही, आपल्या हातानं दिली.

सुकन्या : फसवून घेतली. त्यालाही कलम आहे.

अमृतशेठ : असेल, असेल. मी अडवत नाही. ही क्लिप पाठवतो तुमच्या मोबाईलवर. फक्त पेपरात बिपरात दुकानाचं नाव आलं नाही तर बरं होईल. तुम्ही बसा निवांत, मी बाहेर बघून येतो. चहा सांगतो.

सुकन्या : चहा नको.

पुष्पावती : पाठवला तरी पिऊ नगंस. जाऊ आपुन घरी.

सुकन्या : जाऊ. आधी मला एक सांगा. यांचं, तुमच्या लेकाचं, नाव पहिल्यांदा कुणी घेतलं? तिनं का तुम्ही?

पुष्पावती : तिनंच की.

सुकन्या : घाई करू नका. आठवून सांगा.

पुष्पावती : ती म्हनली, मावशी, घरातलं कोनतरी लांब गेलंय तुमच्या. तोंडावर दिसतंय. मी म्हनलं, व्हय बाई, लेक गेलाय, तीन वरसं झाली. तर म्हनली, थोरला का धाकला? म्हनलं, थोरला न् धाकला कुठला, येकुलता येक वैजनाथ...

सुकन्या : आई.

पुष्पावती : मीच घेतलं व्हय गं.

सुकन्या : आणि टेम्पो चालवायचे, ते?

पुष्पावती : ते बी मीच सांगितलं आसंल. पन सुरत तिनं सांगितली! मला काय ठावं सुरत? म्हनली, हाटेलात भट्टीवर हाय, मालक सोडत न्हाई. मग फोटू दाखवला.

सुकन्या : चेहरा दिसला का फोटोत?

पुष्पावती : पाठमोरा हुता. भट्टीफुडं उबा. पन मान त्याचीच. आईला मान वळखू येत न्हाई व्हय?

सुकन्या : तो फोटो त्या जांभळ्या पदराच्या बाईलाही दाखवला, आई. त्या पोरीलाही दाखवला. आत्ता बघितलंत ना? पाठमोरा माणूस कुणाचाही होतो.

पुष्पावती : तुला सगळं येगळंच दिसतं.

सुकन्या : बोरमाळ मागितली तिनं?

पुष्पावती : न्हाई मागितली. म्हनली, मालकाच्या हातावर कायतरी ठेवल्याबिगर तो सोडनार न्हाई. मी म्हनलं, माझ्यापशी येवढीच हाय. तर हात जोडले तिनं. राहू द्या मावशी, म्हनली, आईची आठवन हाय तुमची. मीच बळं दिली. गुरवारी श्रीरामपूरच्या स्टेशनात आनून सोडते म्हनली त्याला.

सुकन्या : आणि मला सांगितलंत, गुरुवार आहे, देवगडला दत्ताला जाऊन येते. काल शेजारचे भिमाजी भावजी तिथं मालगाडीच्या हमालीला गेले म्हणून त्यांना तुम्ही दिसलात. नाहीतर मला पत्ताच लागला नसता.

पुष्पावती : तुला सांगितलं आसतं तर जाऊ दिलं आसतंस?

सुकन्या : किती वेळ बसला होतात?

पुष्पावती : सकाळच्यानं. येक बाकडं धरलं, पान्याच्या नळाजवळचं. गाडी आली की उठायचं, शेवटच्या डब्यापोतर जायचं, परत यायचं. माझे गुडघे काय तसले हायेत का पळायचे? डब्बा लांब, तोवर मानसं उतरून जिन्यात. मला वाटायचं, तो उतरला आन् मी ह्या टोकाला ऱ्हायले. मग फुडच्या गाडीला मी त्या टोकाला.

सुकन्या : जेवलात का काही?

पुष्पावती : भाकरी नेलती दोघापुरती. त्याचा निळा शर्ट बी नेलता, घडी घालून. भट्टीवरच्या कापडानं गावात कसं आनायचं त्याला? मानसं काय म्हनतील? भिमाजी आला आन् म्हनला, काकू, हितं काय करता? मी म्हनलं, काय न्हाई, गाड्या बघती. रडू आलं मग.

सुकन्या : पुसा डोळे. शेठ येतील आत.

पुष्पावती : येऊ दी. सगळं बघितलंच की त्यानं. भाकरी मात्र त्यानंच खाल्ली, भिमाजीनं. टाकायची कुठं?

सुकन्या : आई, आपण इथून सरळ पोलीस ठाण्यात जाऊ. क्लिप आहे, तोंड दिसतंय तिचं. आणखी दोन दुकानांत तसंच करेल ती. आपली बोरमाळ मिळेल न मिळेल.

पुष्पावती : न्हाई जायचं मला.

सुकन्या : लाज वाटते का? फसवणारीनं लाजावं, तुम्ही कशाला?

पुष्पावती : लाज न्हाई गं. तक्रार दिली म्हंजी ती खोटी. आन् ती खोटी म्हंजी सुरत बी खोटी. भट्टी बी खोटी. मग कुठं हाय तो? आज चार दिस मला ठावं हुतं, कुठं हाय तो. उन्हात न्हाई, रस्त्यावर न्हाई, दोन येळंला खातोय. तीन वरसांत मला चार दिस झोप लागली, सुकन्या.

सुकन्या : बघितलं मी. म्हटलं, आईंना आताशा बरं वाटतंय.

पुष्पावती : आन् येक तिनं आपल्या मनानं सांगितलं. मी न्हाई बोलले ते. दत्ताची आन.

सुकन्या : काय?

पुष्पावती : म्हनली, तो म्हनतो, आईवर माझा राग न्हाई.

सुकन्या : हे तिनं म्हटलं?

पुष्पावती : आता बोल की. त्या दिशी मी काय बोलले हे कोनाला ठावं हाय? तू, मी आन् तो. तुझ्यावर हात उगारला म्हनून बोलले मी. म्हनलं, नीघ घरातून, मेलास तरी तोंड दाखवू नगंस. ते मी तिला न्हाई सांगितलं. मग तिला कसं कळलं?

सुकन्या : तिला काहीच कळलं नाही, आई. ज्या आईचा मुलगा निघून गेलाय, तिला हेच ऐकायचं असतं. तिला दुसरं काही ठाऊक असायची गरजच नव्हती.

पुष्पावती : सगळ्या आया तसं बोलतात व्हय लेकाला?

सुकन्या : काहीतरी बोललेल्या असतातच. आणि तुम्ही माझ्यासाठी बोललात. मी गप्प उभी होते चुलीपाशी. थांबवलं नाही तुम्हाला.

पुष्पावती : तू कशाला थांबवशील? मार तुझ्यावर येत हुता.

सुकन्या : दारापर्यंत जाऊन एक हाक मारता आली असती मला.

पुष्पावती : आता हे कशाला काढतीस.

सुकन्या : माघ महिन्यात मी केडगावला आईकडं जाते म्हणून गेले होते, आठवतंय? गेलेच नव्हते माहेरी. ते हरवल्याचे कागद मी स्टँडांवर चिकटवले होते, त्यांवरचा नंबर बघून एकाचा फोन आला होता. म्हणाला, नाशिकला ये, दाखवतो. कानातली फुलं विकून त्यानं सांगितलं तेवढं पाठवलं त्याला आणि नाशिकच्या स्टँडवर दिवसभर बसले. तुम्ही म्हणता तशीच, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला.

पुष्पावती : आन् मला म्हनलीस, फुलं मोरीत पडली.

सुकन्या : काय सांगणार होते?

पुष्पावती : येकटीच बसलीस दिसभर?

सुकन्या : त्याचा फोन लागेना झाला, तरी शेवटच्या गाडीपर्यंत बसले. त्या दिवशी ठरवलं, आता कुणाचं खरं मानायचं नाही. म्हणून तर तुम्हाला इतकं उलटं-सुलटं विचारतेय.

पुष्पावती : बरं केलंस. विचारायलाच पायजे.

सुकन्या : आई...

पुष्पावती : बोल की.

सुकन्या : काही नाही.

पुष्पावती : बोल गं. शेठ यायचा आता.

सुकन्या : त्या बाईनं माझ्याबद्दल काही सांगितलं का? म्हणजे, ते काही म्हणाले, असं?

पुष्पावती : तुझ्याबद्दल?

सुकन्या : खोटं आहे, मला माहीत आहे. उगीच विचारलं.

पुष्पावती : न्हाई गं पोरी. घरात सून हाय, हे मी सांगितलंच न्हाई तिला.

सुकन्या : बरं.

पुष्पावती : सांगायला पायजे हुतं. कायतरी बोलली आसती ती.

सुकन्या : राहू द्या. उठा आता. पाय दुखतायत का?

पुष्पावती : ठाण्यात किती येळ बसवतील?

सुकन्या : म्हणजे येताय तुम्ही?

पुष्पावती : आनखी येखाद्या आईला स्टेशनात बसवंल ती. चल. पन ती खोटी हुती, हे तू सांग. माझ्या तोंडातून न्हाई निघायचं.

सुकन्या : मी सांगते. तुम्ही नुसत्या शेजारी बसा.