सोमवारची शुगर

पुनम : …मग पडल्या कुठं, आजी? घरात का शेतात?

द्वारकाबाई : हळदीच्या वावरात. डोळ्यापुढं अंधारीच आली. सुनेनं तोंडात गूळ कोंबला, मंग शुद्धीवर आले. आगं, तू काहून रडून राहिली? बरी हाय की मी.

पुनम : मला आधीच कळलं होतं, आजी. तुमची सून रोज शुगर मोजून आमच्या ॲपवर टाकते ना, ते बघून एआयनं शनिवारीच इशारा दिला होता. सोमवारी शुगर फार खाली जाईल म्हणून. मी डॉक्टरांना कळवलंच नाही. वाटलं, मशीनला हट्टा गावच्या माणसाचं काय कळतं!

अफशीन : नर्सिंगच्या वर्गात आमचं रोज याच्यावरूनच भांडण, आजी. मी म्हणते, मशीन बराबर सांगते. हिचा भरवसाच नाही.

द्वारकाबाई : मंग खरी कोन निघाली?

अफशीन : मशीनला सोमवार दिसला. पण काहून सोमवारच, ते तिलाबी सांगता येईना अन् मलाबी.

पुनम : सोमवारी काय असतं, आजी?

द्वारकाबाई : …उपास. औंढ्याच्या नागनाथाचा. दिवस मावळेस्तोर पानीबी न्हाई.

पुनम : आणि शुगरची गोळी?

द्वारकाबाई : ती घेते की सकाळी. चुकवू नका म्हनले व्हते डॉक्टर.

पुनम : उपाशीपोटी! अहो, पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी, उपास करता का म्हणून.

द्वारकाबाई : तू लिहून घेऊन राहिली व्हती. वाटलं, लिहिलं की उपास सोडा म्हनतील, म्हनून न्हाई म्हनले. मालक दवाखान्यात व्हते तवा धरलाय मी तो. त्यायला घरी आनलं नागनाथानं.

अफशीन : थांबा, डॉक्टरांनाच विचारते.

(अफशीन अंगणात जाऊन फोन करून येते.)

अफशीन : सोमवारी ती गोळी घ्यायची नाही. उपास करा, पण कोरडा नको. सकाळीच भगर खायची, पाणी प्यायचं.

द्वारकाबाई : म्हंजी उपास ऱ्हातो?

अफशीन : राहतो. ॲपमध्येबी टाकला आता.

पुनम : मी उद्या नर्सिंगच्या सरांना सगळं सांगणार आहे. इशारा बघूनही गप्प बसले, ते.

द्वारकाबाई : सांग. मी खोटं बोलले, तेबी सांग. दोघी मिळून खाऊ बोलनी.

पुनम : सोमवारी मी स्वतः येते, आजी.

द्वारकाबाई : दोघी या. भगर जास्तीची टाकते. अफशीन, तुला चालती ना?

अफशीन : शेंगदाण्याची आमटी असली, तर दोन ताटल्या.