शुगरची सभा

हसू नका, पण त्या सभेचं मला अजून नीट कळलेलं नाही. आमच्या विक्रोळीच्या चाळीत दर गुरुवारी एक डॉक्टरबाई येतात आणि ज्यांच्या घरी शुगर आहे ते सगळे गोल करून बसतात. मी गेलो ते एकच विचारायला. बायको गोळ्या घेते, चहासुद्धा बिनसाखरेचा पिते, तरी शुगर उतरत का नाही?

बाई म्हणाल्या, "काका, इथे शिकवणारं कोणी नाही. सगळ्यांनी एकमेकांकडून शिकायचं. तुम्हाला काय वाटतं?"

"मला कळत असतं तर आलो असतो का, बाई?"

"खरं सांगू? माझ्या आईचं पण हेच. परवा तिच्या उशीखाली काजूकतली सापडली. आता तिला कसं समजावायचं, तुम्हीच सांगा."

डॉक्टरच मला विचारायला लागल्यावर मी उठलो आणि चपला घातल्या.

घरी बायकोनं विचारलं, "अहो, काय म्हणाल्या डॉक्टर?"

मी सगळं सांगितलं.

"उशीखाली ठेवतात होय? मुंग्या लागतात तिथे. गुरुवारी त्यांच्या आईला आणायला सांगा. मी शिकवते."