अण्णाला आणायची गाडी

आमचं मूळ गाव कुठलं विचारता, तर हेच, तंजावर. त्याच्या आधीचं मजला ठाऊक नाही. आजा म्हणायचा आपण घोडेस्वारांबरोबर आलो, आजी म्हणायची घोडे कसले, स्वयंपाकाच्या भांड्यांबरोबर आलो, आणि दोघं त्यावरून भांडायची, मराठीतच भांडायची, म्हणून माझी मराठी ही अशी भांडणाची. तुम्ही पुण्याकडचे, तुमचं बोलणं इस्त्रीच्या सदऱ्यासारखं. मजला ही लिपी येत नाही, तमिळ तेवढं लिहितो, तेव्हा तुम्ही लिहा, मी बोलतो. नाहीतरी बोलायला घरात आहे कोण? लेक बेंगळुरूला असते, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर तमिळमधून येतं.

आम्ही दोघे भाऊ. थोरला अण्णा, तो शाळेत गेला, मी लॉरीशेडमध्ये गेलो. त्याजला पापनाशमकडे भातशेती मिळाली, मजला काळे हात मिळाले. असो. मी जुन्या सुट्या भागांचं दुकान टाकलं ते स्वतःच्या जिवावर. गाडीत अल्टरनेटर म्हणून एक गोळा असतो बघा, इंजिन फिरलं की तो फिरतो आणि बॅटरी भरतो. तो बंद पडला की लोक घाबरतात, मेला म्हणतात, फेकून नवा घेतात. मी तो मेलेला भंगाराच्या भावानं घ्यायचो. अय्या, म्हणजे आमच्याकडचं साहेब, ह्यात काही उरलं नाही, तुमच्याकडे बघून घेतो, नाहीतर रस्त्यावरचा भंगारवाला आहेच, असं म्हणून अर्धा निघून जायचो, मग तेच हाक मारायचे. आणि घरी उघडलं की काय, आतले दोन ब्रश झिजलेले असायचे, बोटाच्या पेराएवढे कोळशाचे तुकडे. ते बदलले की मेलेला उठून बसायचा. ह्याच धंद्यावर मी घर बांधलं, लेकीचं लग्न केलं, आणि गाडी घेतली, पांढरी, जुनीच, पण मी घासाघीस करून घेतलेली. विकणारा शेवटी म्हणाला, घेऊन जा पण परत तोंड दाखवू नकोस.

अंबू, माझी बायको, ती म्हणायची हा गोळा आपल्या घरची लक्ष्मी. लोक गाडीच्या स्टिअरिंगला गंध लावतात, हार घालतात. आमची अंबू दर शुक्रवारी मजला बोनेट उघडायला लावायची आणि हळदकुंकू पाण्यात कालवून त्या अल्टरनेटरला बोटानं थापायची. टिकली नव्हे, थापायची. शेजारचे हसायचे. मी ओरडायचो, अगं विजेची वस्तू आहे ती. ती म्हणायची, तुम्ही गिऱ्हाइकाला ओरडा, आम्ही आमच्या देवाला बघतो.

आणि सण आला की पापनाशमला जाऊन अण्णाला आणायचं, तेही तिनंच. मी गाडी चालवायचो, उतरायची ती. आमच्या घरची रीत अशी, वडीलधाऱ्याला निरोपावर बोलवायचं नाही, दारात जाऊन उभं राहायचं आणि चला म्हणायचं. ती दारात उभी राहून म्हणायची, अण्णा, चला, उडदाच्या पिठाची डांगर पचडी केली आहे, दही आंबट व्हायच्या आत चला. मग तो लगेच उठायचा.

ती गेली. काय सांगू तुम्हाला, ताप आला आणि गेली. मी अण्णाला फोन केला. आणि तो आला नाही. नाही म्हणजे नाही, तेराव्यालाही नाही. मागून कुणाकडून तरी कानावर आलं, म्हणे गाडी आली नाही न्यायला. अहो, मरणाला कुणी आवतण देतं? तंजावर–पापनाशम बस किती आहेत, म्हातारे, बकऱ्या, भाताची पोती, सगळं चढतं तिच्यात, ह्यालाच चढता येईना? मी फोनवर बोलणं टाकलं. गाडीवर झाकण टाकलं, ती तशीच उभी.

वर्ष भरत आलं. भटजी म्हणाले, घरचा वडीलधारा पाटावर बसल्याशिवाय वर्ष सुटायचं नाही, आणि वर्ष सुटलं नाही तर घरात सण नाही, देवाला गोड नाही. वडीलधारा म्हणजे उरलाय तो एकटाच. दात आवळून फोन केला. अण्णा, ये. तो म्हणाला, गाडी पाठव. मी म्हटलं, भाड्याची करतो. म्हणाला, भाड्याची नको, धाकटी ज्या गाडीतून यायची ती आण. धाकटी म्हणजे अंबू, तो तिला तेच म्हणायचा. मी म्हटलं, बसचं तिकीट मी देतो. म्हणाला, बसनं तूच ये. मी आयुष्यभर भाव केले, पण असलं गिऱ्हाईक पाहिलं नाही, एक पैसा खाली येईना. मी फोन आपटला.

मग झाकण काढलं. बॅटरी पार उतरलेली, ती भरून आणली. गाडी सुरू झाली, पण आतला लाल दिवा मिणमिण करतच राहिला, आणि दिवे लावले तर मंद, जोर दिला की थोडे वर, सोडला की खाली. मोठ्या रस्त्यावर एक इलेक्ट्रिशियन आहे, त्याच्याकडे नेली. त्यानं बोनेटमध्ये डोकंसुद्धा नीट घातलं नाही, म्हणाला, अल्टरनेटर गेला अय्या, नवा टाकतो, जुना इथंच ठेवून जा. जुना इथंच ठेवून जा! हे वाक्य मी जन्मभर म्हणत आलो, आणि हा माझ्याच दाढीला माझाच वस्तरा लावतोय. मी म्हटलं, तंबी, म्हणजे पोरा, तुझा बाप माझ्याकडून माल न्यायचा, विचार त्याला. आणि गाडी तशीच घरी आणली.

अंगणात अंबू कोलम, म्हणजे रांगोळी, काढायची तिथं, आता कोलम कोण काढतं, तिथं गाडी लावली आणि बसलो. आधी बॅटरीची टोकं घासली, पांढरं चढलं होतं. फरक नाही. बेल्ट अंगठ्यानं दाबून बघितला, ताठ होता. मीटर लावला. इंजिन चालू असताना काटा चौदाच्या जवळ हवा, तो बाराला चिकटलेला, म्हणजे बॅटरीत काही जातच नाही. मग माझी जुनी युक्ती केली. स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, अंबू असती तर मारलंच असतं, आणि इंजिन चालू ठेवून बेल्टपासून हात लांब धरून अल्टरनेटरच्या पाठीवर हलकं ठोकलं. काटा टुणकन चौदाला गेला. पुन्हा खाली आला. पुन्हा ठोकलं, पुन्हा गेला. तेव्हा मी एकटाच हसलो. मेलेला नाही, ब्रश आत अडकलाय, ठोकलं की जागा सोडतो. अंबू, बघ, असं म्हटलंसुद्धा मोठ्यानं, आणि म्हटल्यावर अंगण किती रिकामं आहे ते कळलं.

बॅटरीची वायर आधी सोडली, मग बेल्ट, मग बोल्ट. गोळा काढून तिण्णैवर, म्हणजे आमच्या ओट्यावर, वर्तमानपत्र पसरून ठेवला आणि मागचं झाकण उघडलं. ब्रश झिजलेले नव्हतेच. एक नीट मागेपुढे होत होता, दुसरा आपल्या खोबणीत घट्ट. आणि त्याच्याभोवती काय, तर लाल. कोळशाची काळी भुकटी आणि त्यात लाल-पिवळा चिखल, वाळून दगड झालेला. हळदकुंकू. वर्षानुवर्षं शुक्रवारी फटीतून आत झिरपलेलं. गाडी रोज फिरत होती तोवर ओलं सुकं चालून गेलं, वर्षभर उभी राहिली तेव्हा आवळून बसलं.

तुम्ही हसाल. मी पाना खाली ठेवला. घरातल्या डब्यातलं कुंकू मी तेराव्यानंतर देऊन टाकलं होतं, रीतच तशी. तिनं आपल्या हातानं लावलेलं, ह्या घरात उरलेलं, ते एवढंच, आणि ते काढल्याशिवाय गाडी चालणार नाही. कुणाशी भाव करू? मी तिलाच म्हटलं, थोडं ठेवू का कडेला? पण ब्रशला जागा लागते. पेट्रोलच्या फडक्यानं सगळं पुसलं, खोबणी साफ केली, ब्रश टेकतात ती तांब्याची कडी पॉलिश पेपरनं चमकवली, ब्रश सोडला तर स्प्रिंगनं असा पुढे आला जसा कधी अडकलाच नव्हता. फडकं तेवढं टाकलं नाही. बाकी परत जोडलं. लाल दिवा विझला, काटा चौदाला गेला आणि तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी पापनाशम. सारा रस्ता मी भाताकडे बघितलं नाही, कालव्याकडे बघितलं नाही, त्या दिव्याकडे बघत होतो. अण्णाच्या दारात गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. हॉर्न दिला. तो बाहेर आला, काठी, धुतलेली धोतरासारखी वेष्टी, कपाळाला विभूती, म्हणजे तयारच होता. म्हणाला, बंद कर, आत ये. मी म्हटलं, बंद केली तर सुरू व्हायची नाही, तूच ये. खोटं बोललो. म्हणाला, दारात घरघर करणाऱ्याबरोबर मी येत नाही, ती कधी गाडीत बसून बोलवायची का? आणि तो दारातच उभा. मी आत बसलेला. इंजिन चालू. शेजारी गोळा व्हायला लागले. शेवटी मी किल्ली फिरवली, उतरलो, दारात गेलो आणि म्हटलं, अण्णा, चला. तो म्हणाला, आधी आत येऊन कापी पी.

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. तंजावर येईस्तोवर तो एकच वाक्य बोलला, तेराव्याला, ती न्यायला यायची म्हणून मी दारात बसून होतो. एवढंच. चूक झाली असं म्हणाला नाही, मीही विचारलं नाही.

वर्ष सुटलं. अण्णा पाटावर बसला, जेवला, पचडी पाणचट झाली म्हणाला, ती मीच केली होती. संध्याकाळी मी किल्ली घेतली तर म्हणतो, कशाला, बस आहे की. आणि पिशवी काखेत मारून चढलासुद्धा, खिडकीची जागा भांडून मिळवली. अहो, म्हणजे चढता येत होतं! हे मी विसरणार नाही, लिहून ठेवा तुम्ही.

आता दर शुक्रवारी गाडी थोडा वेळ चालू करतो, उभी राहिली की आवळते. बोनेटच्या कडेला, फटीपासून लांब, कुंकवाचं एक बोट लावतो, आणि दिवा विझलेला आहे ना बघतो. पोंगलला पुन्हा जायचंय पापनाशमला, दारात उभं राहायला. तो फोनवर आत्ताच म्हणाला, दही आंबट नको. तुम्ही पण या, तुम्हांस सुख लागो, घरी कुणी हाक मारणारं असो. येताना बसनं या, बस चांगली आहे.