अकराच्या आधीचा चहा

सन्माननीय अध्यक्ष आणि या कारखान्याच्या मालकीण, आमच्या बाई. व्यासपीठावर बसलेले वैद्यबुवा. आज ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते भट्टीप्रमुख, म्हणजे आपले कडूकाका. पहिल्या रांगेत बसलेल्या काकू. आणि हात न पुसताच उठून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

प्रयोगशाळेच्या वतीने दोन शब्द बोलायचे, असं मला सांगण्यात आलं. दोन शब्दांत आटपेल असं वाटत नाही, कारण त्यातला एक कबुलीजबाब आहे. तो मी मध्येच कुठेतरी देईन. बाईंनी तोवर चहा पिऊन घ्यावा.

समारंभ सकाळी दहाला का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. बाई म्हणाल्या होत्या, एक दिवस भट्टी बंद ठेवू आणि दुपारी निवांत बसू. काका म्हणाले, पानं काल तोडून झाली आहेत, ती माझ्या निरोपासाठी थांबणार आहेत का? म्हणून इकडे भाषणं चालू आहेत आणि पलीकडे अडुळसा उकळतो आहे. वास येतच असेल.

आता अडुळशाबद्दल या सभागृहात मी काय सांगणार? मागच्या कुंपणापासून विहिरीपर्यंत तीच झुडपं आहेत. कापली की पुन्हा फुटतात, कुणी लक्ष दिलं नाही तरी वाढतात. त्यांना राखण लागत नाही, कारण शेळीसुद्धा त्या पानाला तोंड लावत नाही. आणि जे शेळीला नको, ते आपले काका एकतीस वर्षं रोज अकरा वाजता पळीभर तोंडात घेत आले. नाव कडूकाका पडेल नाही तर काय? काकू सांगतात, लग्नानंतर वर्षभर त्यांना वाटायचं की यांना आपला स्वयंपाक आवडत नाही. नंतर कळलं की ते कामावरून येतानाच तसं तोंड करून येतात.

नव्या लोकांसाठी थोडं सांगते. पाला उकळून पाणी चौथाईवर आलं की काढा उतरवायचा, हे पुस्तकात आहे. पण पाला कधी कोवळा असतो, कधी जून. लवकर उतरवला तर काढा हिरवट राहतो, उशीर झाला तर करपट होतो. प्रयोगशाळेचे आकडे यायला दुपार होते, भट्टी तेवढी थांबत नाही. म्हणून अकराला कुणीतरी चाखून 'उतरवा' म्हणावं लागतं. आणि चाखणाऱ्याने त्याआधी चहा घ्यायचा नाही, सुपारी नाही, काही नाही. तीन चुळा भरायच्या आणि मग पळी. हा नियम लिहिलेला कुठेच नाही, पण कालपर्यंत काकांनी तो मोडलेला मी तरी पाहिला नाही.

तर आता तो कबुलीजबाब.

चार वर्षांपूर्वी काका तापाने पडले होते, आठवतं? पंधरा दिवसांनी आले, वजन उतरलेलं, पण चालत आले. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "पोरी, एक अर्ज लिहून दे. माझं नाव भट्टीवरून काढा म्हणावं."

मी म्हटलं, "का हो काका?"

"मला चव लागत नाही. काढा आणि पाणी सारखंच लागतं. मीठ तोंडात टाकून पाहिलं, तेही नाही."

ते सरळ उभे राहून बोलत होते, पण हातातल्या पळीशी चाळा चालला होता. चव गेलेल्या माणसाला पॅकिंगला पाठवतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सत्तावीस वर्षं भट्टी सांभाळलेला माणूस खोक्यांना चिकटपट्टी लावत बसणार, हे चित्र मला सहन होईना. पण ते लपवायला आले नव्हते. "आपला काढा खोकणारी लेकरं पितात," असं म्हणाले. "अंदाजाने 'उतरवा' म्हणणं मला जमणार नाही."

मग मी जे सुचवलं ते माझं डोकं होतं, काकांचं नाही. अकराला नमुना घ्यायला मी भट्टीवर जातेच. मी म्हटलं, नमुन्याच्या वाटीतून मी चाखते. झाला असेल तर माझी वही मिटते. वही मिटली की तुम्ही 'उतरवा' म्हणा.

काकांनी पळी माझ्या टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तीन चुळा भरशील?"

बाई, तुम्ही कप खाली ठेवलात. अगदी बरोबर केलंत. हे मी तुमच्यापासून चार वर्षं लपवलं आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. चूक माझी आहे, पूर्ण माझी. दुपारचे आकडे पाहिल्याशिवाय एकही बाटली बाहेर गेली नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. शिक्षा काय ती तुम्ही ठरवा, मी कुरकुर करणार नाही.

पहिल्या दिवशी मी तो घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. दोन महिने मला नुसतं कडू कळायचं. मग काका विचारायला लागले. कडू जिभेच्या टोकाला लागतं की मागे? गिळल्यावर किती वेळ राहतं? मला वाटायचं, बिचारे चव आठवायला विचारतात. मी सगळं नीट वर्णन करून सांगायची. अशी मी शहाणी.

दहाचा चहा मीही सोडला. चहावाल्या भाऊंनी मला पित्ताचा त्रास आहे असं जाहीर केलं आणि तीन जणींनी औषधं सुचवली. भाऊ, तुमचा चहा चांगला असतो. कारण हे होतं.

या चार वर्षांत दोनदा काकांनी माझं ऐकलं नाही. एकदा मी वही मिटली आणि ते म्हणाले, फेस अजून बसलेला नाही, अर्धा तास राहू दे. एकदा मी वही उघडी ठेवली आणि त्यांनी 'उतरवा' म्हणून टाकलं. दोन्ही वेळा मला राग आला. ज्यांना चव लागत नाही त्यांनी माझ्यावर शंका घ्यावी? दुपारी आकडे आले, दोन्ही वेळा काका बरोबर होते. मी म्हटलं, असेल बुवा, फेसावरून कळत असेल.

मागच्या मंगळवारी दुपारी आम्ही दोघं पायरीवर चहा घेत होतो. काकांनी एक घोट घेतला आणि भाऊंना हाक मारली, "अरे, साखर विसरलास का?"

भाऊ साखर घालून गेले. मी कप खाली ठेवला आणि काकांकडे पाहिलं. काकांनीही माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की काय बोलून बसलो.

मी विचारलं, "चव कधी आली?"

"झाले की बरेच दिवस."

"किती?"

"साडेतीन वर्षं." वर म्हणाले, "हळूहळू आली गं. आधी मीठ, मग बाकीचं."

मी चिडले, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "मग मला रोज हे विष का प्यायला लावलंत?"

ते म्हणाले, "माझी चव गेली त्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं की सगळी भट्टी एका माणसाच्या जिभेवर चालली आहे. चव आली असं सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी दहाला चहा प्यायली असतीस." आणि मग, "तू वहीत डोकं घातलंस की पळी धुताना मी चाखत होतोच. साडेतीन वर्षांत तू दोनदा चुकलीस. मी पहिल्या तीन महिन्यांत अकरा वेळा चुकलो होतो. कुणाला सांगू नकोस."

मी सांगितलं. माफ करा, काका.

सोमवारपासून पळी कोणाकडे, हे बाई ठरवतील. माझ्याकडे आली तर पहिल्या दिवसापासून कुणालातरी शेजारी उभं करीन, उघडपणे. पण आतून मला भीती वाटते, हे खरं आहे. इतकी वर्षं मला वाटायचं की माझ्यामागे कुणी नाही, आणि मी बिनधास्त होते. आता कळलं की कुणीतरी होतं, आणि ते निघाले आहेत.

बोलायचं अजून खूप आहे, पण घड्याळात अकराला सात कमी आहेत आणि मला चुळा भरायच्या आहेत. ज्यांनी हा समारंभ घडवला त्या सर्वांची, माझं बोलणं मध्येच न थांबवणाऱ्या बाईंची आणि एवढी वर्षं कडू तोंडाचा माणूस सांभाळणाऱ्या काकूंची मी ऋणी आहे. कमी-जास्त बोलले असेन तर पदरात घ्या. बाईंनी तर जरा जास्तच घ्यावं.

जाता जाता एकच. माझा चहा इथे टेबलावर तसाच आहे, भाऊ, गार झाला असेल, घेऊन जा. आणि काकांच्या समोरचा कप पाहा. साडेदहाच्या सुमारास, वैद्यबुवांचं भाषण चालू असताना, भट्टीवर काढा असताना, त्यांनी तो उचलला आणि सावकाश सगळा संपवला. मी पाहत होते, आणि मी पाहते आहे हे त्यांनाही माहीत होतं.

मी भट्टीवर जाते, काका. तुम्ही बसा.