लंबक आणि चालणारा स्क्रू

...आणि वर आमची ही मलाच विचारते, ‘दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसता, केसाएवढा स्क्रू दिसतो, मग कुत्र्याच्या कानातली गोचीड कशी दिसली नाही?’ अहो, दिसली की! पण मला वाटलं स्क्रूच आहे! तुम्हाला सांगतो, मी घड्याळजी माणूस, बाहेरच्या खोलीतच दुकान, टेबलावर कुणाचं तरी घड्याळ उघडून पसरलेलं, त्यातला एक तपकिरी स्क्रू चिमट्यात धरायला गेलो... तर तो चालायला लागला! जन्मात घड्याळं मागे-पुढे चाललेली पाहिली, पण सुटा भाग स्वतःच्या पायांनी घरी निघालेला कधी पाहिला नव्हता! बघतो तर माझ्या मांडीवर चढून, डोकं नि कान टेबलाच्या कडेवर पसरून हे महाशय घोरतायत, आणि कानात गोचिडींची वसाहत!

मला कुत्रा नकोच होता हो. लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली, जागा लहान, म्हणाली, ‘बाबा, चारच दिवस सांभाळा!’ त्या चार दिवसांना आता तीन वर्षं होतील. शेपूट सारखी इकडून तिकडे, म्हणून आमच्या हिने नाव ठेवलं लंबक. तो आला त्या दिवशी हीच म्हणाली होती, ‘घरात केस नकोत.’ आता तिच्या उशीवर कोण झोपतं, विचारा!

तर मी काय केलं? भिंग लावलं, चिमटा घेतला, एकेक गोचीड अलगद उचलली, रॉकेलच्या वाटीत बुडवली, आणि हिला ऐटीत सांगितलं, ‘झाली सर्व्हिसिंग!’ इथेच चुकलं. घड्याळातला कचरा काढला की घड्याळ चालू, हे माझं आयुष्यभराचं शास्त्र. कुत्र्याला ते कुठे ठाऊक? काही आठवडे गेले आणि लंबक जेवेना. कोपऱ्यात नुसता पडून. अंग तापलेलं. एका सकाळी फरशीवर नाकातून रक्ताचा थेंब... आणि शेपूट? बंद! मी हाक मारली तरी बंद!

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, ‘काका, गोचिडी काढल्यात ते उत्तमच, पण जाण्याआधी त्यांनी याच्या रक्तात जंतू सोडलेत. ते पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन घर करतात. गोचीडताप आहे हा.’ मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पेशीच्या पोटात बारीक ठिपक्यांचा झुपका, मुकाट बसलेला. मी म्हटलं, ‘बाई, माझ्याकडे याहून बारीक चिमटा आहे...’ बाई हसल्या नाहीत. ‘रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी झाल्यात,’ म्हणाल्या, ‘महिनाभर गोळ्या, एकही चुकवायची नाही. जेवणातूनच द्या, दुधातून नको.’

जेवणातून! अहो, तो जेवत नाही म्हणून तर आणला! उकडलेल्या बटाट्यात घातली, बटाटा चाटून गोळी परत. अंड्यात घातली, गोळी परत. मग मी म्हटलं, थांबा, हे कारागिराचं काम आहे. कोंबडीचा तुकडा उभा चिरला, आत गोळी बसवली, वरून असा बंद केला की सांधा भिंगातून दिसू नये. लंबकने हुंगला, चघळला, आणि गोळी माझ्या चपलेवर ठेवली. स्वच्छ! पुसलेली!

ही म्हणाली, ‘त्याचा विश्वास उडालाय. तुम्ही आधी खाऊन दाखवा.’ मी? ‘मग काय शेजाऱ्यांना बोलावू?’ मला कुत्रा नकोच होता, पण जिवाचा प्रश्न होता हो! बसलो रांगत, घातलं तोंड त्याच्या ताटलीत. बिनमिठाचा भात नि कोंबडी. ‘आहाहा!’ म्हटलं. आणि नेमकं गिऱ्हाईक दारात! मी चार पायांवर, भिंग कपाळावर, शितं मिशीला. तो म्हणाला, ‘घड्याळ... सावकाश द्या,’ आणि उलट्या पावली गेला. पण लंबक उठला! माझ्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, आणि खाल्लं. गोळीसकट!

मग महिनाभर रोज हेच. एके दिवशी मी रांगत असताना मागून काहीतरी टप टप वाजलं. वळून बघतो तर शेपूट. टेबलाच्या पायावर आपटत होती. रडलो मी. सांगायला कसली लाज? तसाच शितं लावलेल्या मिशीने रडलो, आणि ही पदराने आधी त्याचं तोंड पुसत होती, मग माझं. एकाच पदराने!

आता रक्त साफ, गोळ्या बंद, दर महिन्याला गोचिडींचं औषध न चुकता. आणि हा पठ्ठ्या? मी पहिला घास घेतल्याशिवाय ताटलीला शिवत नाही! गोळी संपली, पाहुणचार संपेना.

परवा लेकीचा फोन. ‘बाबा, मोठी जागा मिळाली! लंबकला न्यायला येते, सुटलात एकदाचे!’ ही माझ्याकडे बघायला लागली. लंबकही बघायला लागला. आता तुम्हीच सांगा, तिकडे याच्याआधी घास कोण खाणार? तिला जमणार आहे? दिवसभर नोकरी तिची! मी म्हटलं, ‘ने की बाळा, तुझाच कुत्रा. मला कुठे हवा होता?

...चारच दिवस थांब.’