इंग्रजीसाठी ठेवलेला पाहुणा

...नाही, खाट गेली त्याचं मला काही नाही हो! खाट काय, माणूस जमिनीवरही झोपतो. पण आपली खाट, वडिलांनी आपल्यासाठी मुद्दाम विणून घेतलेली, तिच्यावर रात्रभर एक सहा फुटी अमेरिकन पाय बाहेर काढून घोरतोय, आणि खाली चटईवर आपण, ते पाय नाकाशी येऊ नयेत म्हणून भिंतीला चिकटलेले... आणि आई येऊन आपल्यालाच सांगते, "नर्‍या, कूस बदलताना आवाज नको करू र, पोराची झोप मोडंल!" पोराची! मग मी कोण? सांगा ना, मी कोण? आणि हे सगळं कशासाठी? इंग्रजीसाठी हो, इंग्रजीसाठी!

थांबा, तुम्हाला सांगतो. आमचं गाव तारापूरच्या अलीकडे. चार वाड्या, नारळ, केळी, आणि पुढे समुद्र. आजवर आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं. आता अणुवीज केंद्र उभं राहायला लागलं, तर बोईसर स्टेशनवर उतरणारा प्रत्येक माणूस आमच्याच रस्त्याला! ट्रक काय, यार्‍या काय, घाटावरून आलेली बिर्‍हाडं काय... आणि साहेब! अर्ध्या चड्डीतले, उन्हानं लाल झालेले, खरेखुरे साहेब! आमच्या शेजारचा जिवल्या, चौथी नापास, तिथं लोखंड उचलायला लागला, तर संध्याकाळी पायरीवर बसून काय म्हणावं त्यानं? "ओके!" बायको भाजीला काय करू विचारते, हा म्हणतो, "ओके!"

आणि मी? मी मॅट्रिक. पालघरला एका वकिलांकडे अर्ज लिहायला बसायचो. माझं मराठी असं, की कचेरीतले लोक अर्ज वाचून चष्मा काढून विचारायचे, "हा लिहिला कुणी?" इंग्रजीही मला येतं. वाचता येतं, लिहिता येतं. फक्त बोलायची वेळ आली की घशात बोयट मासळीचा काटा अडकल्यासारखं होतं. तर त्या प्रकल्पावर एका ठेकेदाराच्या ऑफिसात जागा निघाली. दुभाष्याची. साहेब इंग्रजीत सांगणार, आपण ते गावच्या मजुरांना सांगायचं. मजूर सांगतील ते साहेबाला. मी म्हटलं, झालं! मराठी तर घरचंच, त्याची काय काळजी? राहिलं फक्त इंग्रजी!

शिवाय सफाळ्याचे खंडेराव. त्यांची वत्सला मी पाहून आलो होतो, म्हणजे तिनं चहा ठेवला तेवढीच पाहिली, पण पुरेशी पाहिली. खंडेराव सुपारी कातरत म्हणाले, "मुलगा चांगला आहे. प्रकल्पावरची नोकरी लागली की कळवा." लागली की! म्हणजे नाही लागली, तर कळवायचेही कष्ट घेऊ नका!

अशात आमच्या वकीलसाहेबांचे एक मेहुणे, मुंबईला प्रोफेसर, त्यांचा निरोप आला. त्यांच्याकडे एक अमेरिकन विद्यार्थी मराठी शिकायला आलाय, त्याला सहा महिने खेड्यातल्या एखाद्या घरात घरच्यासारखं राहायचंय, आहे का कुणी? मी टुणकन उडालो! अहो, लोक इंग्रजी शिकायला विलायतेला जातात, इथे विलायत आपल्या पडवीत येऊन राहतेय! सकाळी इंग्रजी, दुपारी इंग्रजी, दात घासताना इंग्रजी! आई म्हणाली, "परक्याचं पोर, त्याला आपलं जेवण चालंल काय र?" मी म्हटलं, आई, तू फक्त जेवण बघ, बोलायचं मी बघतो.

बोईसर स्टेशनवर घ्यायला गेलो. मधल्या वेळात एक वाक्य घोटून घोटून असं तयार केलं होतं, की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. गाडी आली. हा उतरला. उतरला कसला, उलगडला! मी पुढे झालो, घसा साफ केला, "वेलकम..." एवढंच म्हणालो, तर त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाला,

"नमस्कार. मी इंग्रजी बोलणार नाही."

काय? म्हटलं काय? तर त्यानं तिकडे आपल्या गुरूला वचन दिलेलं! ज्या घरात राहीन त्या घरच्या माणसांसमोर, घरात काय नि बाहेर काय, इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढणार नाही. फक्त घरातल्या मोठ्या माणसानं परवानगी दिली तरच! म्हटलं ठीक आहे, परवानगी काय, घरी पोचल्या पोचल्या देऊन टाकू. तर घरी आल्यावर यानं पायातले बूट काढले, आईच्या पाया पडला, आणि मी विषय काढला तर आई काय म्हणाली? "नको र बाबा! इंग्रजी बोलला तर त्याला भूक लागली हाय का नाय, मला कसं कळंल?"

संपलं! वडील गेल्यापासून घरातलं मोठं माणूस आई. तिनं दार लावलं ते लावलंच. आणि खाट गेली. तिथपासून खाट गेली!

नाव तरी राहावं माझं? त्याचं नाव हॅरल्ड. आईच्या तोंडात हॅरल्ड बसेना. चार वेळा प्रयत्न केला, मग म्हणाली, "हरी म्हणीन." अहो, पण हरी मी आहे! माझं नाव नरहरी, जन्मल्यापासून घरात मी हरी! आता दोघांना हरी कसं म्हणायचं? म्हणून तो हरी झाला, आणि उरलं ते माझ्या वाट्याला आलं... नर्‍या! "हरी, जेवाया ये. नर्‍या, पाट मांड!" "हरी, चा पी. नर्‍या, विहिरीवरून पानी आन!" आणि कशासाठी? इंग्रजीसाठी हो, इंग्रजीसाठी!

मला वाटलं, जेवणाला तरी कंटाळेल. अमेरिकेतलं माणूस, आठवड्यात पाव मागेल, लोणी मागेल... कसलं काय! सुका बोंबील चुलीत भाजला की हा अंगणातून नाक वर करून येतो. थंडीत आईनं उकडहंडी लावली. मडक्यात वाल, कोनफळ, सगळं वाडीतलं भरून, वरून पालापाचोळ्याचा जाळ करून... तर हा मडक्यापाशी उकिडवा बसून राहिला, लेकराच्या बारशाला बसावं तसा! आणि पहिला घास खाऊन आईला म्हणतो, "आये, लय बेस जाली हाय." आईच्या डोळ्यांना पाणी! मी सव्वीस वर्षं हेच जेवतोय. मी कधी म्हणालो नाही हे खरं, पण माझ्या बोलण्यानं कधी पाणी आलं नसतं, हेही तितकंच खरं.

"लय बेस जाली हाय." ऐकलंत? हे मराठी! मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, हॅरल्ड, हे बघ, 'फार छान झाली आहे' असं म्हणावं. 'आमी' नाही, 'आम्ही'. 'हाय' नाही, 'आहे'. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नरहरीभाऊ, तुमी चूक. आये बोलते 'आमी'. आये मोठी हाय." आता बोला! अहो, ज्या बोलीपासून सुटण्यासाठी मी पालघरला जाऊन वर्षं घालवली, आईला चारचौघांत "आई, तू जरा गप्प बस" म्हणत आलो, ती बोली हा मनुष्य सातासमुद्रापलीकडून येऊन गोळा करतोय! आईबरोबर वाडीत काय जातो, कोळणींबरोबर भावाची घासाघीस काय करतो, जिवल्याच्या बायकोशी भांडतो काय... भांडण, हो! तेही जिंकतो!

मी हरलो नाही. म्हटलं, माणूस सावध असताना वचन पाळतो. दचकला की आईच्या भाषेत ओरडतो. बरोबर? म्हणून एक दिवस त्याच्या आंघोळीच्या बादलीत जिवंत चिंबोरी सोडली. चांगली पंज्याएवढी. कुडाच्या आड कान लावून उभा राहिलो, म्हटलं आता शुद्ध, अस्सल, धारोष्ण इंग्रजी ऐकायला मिळणार! यानं बादलीत हात घातला... आणि अशी किंकाळी आली...

"मेलो र आयेऽऽऽ!"

आई धावली, सुलू धावली. सुलू माझी धाकटी बहीण. चिंबोरी त्याच्या बोटाला लोंबकळतेय, आई त्याला कुरवाळतेय, आणि सुलू माझ्याकडे बघून म्हणते, "दादा, तू कुडाच्या मागं काय करतोस?" त्या रात्री त्या चिंबोरीचं कालवण झालं. तिचे दोन्ही डांगे, म्हणजे मांसल नांग्या, कुणाच्या ताटात पडल्या, विचारू नका.

आणि एक दिवस पत्र आलं. मुलाखतीला या. मी काय केलं असेन? शहाण्या माणसानं रजा घेतली असती. मी वकीलसाहेबांना नमस्कार करून नोकरीच सोडून आलो! तसाच उलट्या दिशेच्या गाडीनं सफाळ्याला जाऊन खंडेरावांनाही सांगून आलो. वत्सला दाराआड होती. तिनंही ऐकलं.

मुलाखतीच्या दिवशी हा म्हणाला, "नरहरीभाऊ, आमी पन येतो. तुमास्नी धीर." मला धीर! पण घेतलं सायकलवर पुढे. म्हणजे पुढे मी, चालवत होता तो. ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड. आत लाल साहेब. मी खुर्चीवर, हा बाहेर पायरीवर. साहेबानं काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "येस सर." त्यानं पुन्हा विचारलं. "येस सर!" तिसर्‍यांदा जरा जोरात विचारलं. मी उभा राहून म्हटलं, "येस सर!" मागाहून कळलं, तो विचारत होता, चहा घेणार की कॉफी.

तेवढ्यात बाहेर गलका. मातीकामावरच्या बायका टोपल्या उपड्या घालून त्यांच्यावरच बसलेल्या. मुकादम ओरडतोय, "अरे उठो, काम करो! क्या तमाशा है!" एकही हलत नाही. साहेबानं मला खुणावलं. जा, विचार. ही माझी परीक्षा! मी म्हटलं, देव पावला. इंग्रजी नाही, मराठीत बोलायचंय! मी पुढे झालो, कोट सारखा केला आणि स्वच्छ आवाजात म्हणालो, "भगिनींनो, आपण कामकाज स्थगित करण्याचे कारण काय, ते कृपया निवेदन करावे."

एक म्हातारी, मैनाबाई नावाची, दुसरीच्या कानाशी लागून म्हणाली, "नोटीस आली वाटतं गो!" आणि सगळ्या पदर डोक्यावर ओढून जास्तच घट्ट बसल्या. मी पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून. 'निवेदन'च्या जागी 'कथन' घातलं. एक पोर रडायला लागलं.

तर पायरीवरून हा उठला. त्या मैनाबाईसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "काय जालं गो आये? कामाला का नाय लागल्यास?"

अहो, धरणाचं दार उघडावं तसं! सगळ्याजणी एकदम! आंब्याचं झाड होतं म्हणे तिथं. त्याच्या फांदीला तान्ह्या पोरांच्या झोळ्या बांधायच्या. सकाळी झाड तोडलं. "आता पोरां कुठं बांदू? तुज्या डोक्यावर बांदू?" हा हसला. त्या हसल्या. मुकादमसुद्धा हसला. आणि मग हा माझ्याकडे वळला, अगदी गंभीर. "नरहरीभाऊ, सायबाला सांगाया इंग्रजी लागंल. परवानगी घरच्या मोठ्या मान्साची. इथं आये नाय. इथं घरचं मोठं मानूस तुमी. बोलू काय?"

तुम्हाला खोटं नाही सांगत, इतक्या महिन्यांत त्या घरात मला मोठं माणूस कुणी म्हटलं नव्हतं. छाती अशी भरून आली... मी, मी स्वतः, या तोंडानं म्हणालो, "बोल रे बाबा, बोल!"

आणि बोलला! देवा रे, काय बोलला! सहा महिने तुंबलेलं इंग्रजी, ज्याच्यासाठी मी खाट दिली, नाव दिलं, चिंबोरीचे डांगे दिले, ते सगळं इंग्रजी माझ्यासमोरून धो धो त्या साहेबाच्या कानात वाहून गेलं, आणि इतक्या वेगानं की मला एक अक्षर कळलं असेल तर शपथ!

सावलीला मांडव घातला, झोळ्यांना वासे रोवले, बायका उठल्या. साहेबानं हॅरल्डचा हात हातात घेतला तो सोडेचना. मग मला काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "येस सर." तो म्हणत होता, आता या जागेवर माणूस नेमायची गरज उरली नाही! कारण ते काम आता हाच करणार, आणि हा पगार घेत नाही हो! घेतला असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्याच्या गुरूचं पत्र आलं, हाच उत्तम अभ्यास, मुक्काम आणखी वर्षभर वाढव. आईनं देवाला साखर ठेवली.

खंडेरावांना मी कळवलं नाही. त्यांनीच निरोप पाठवला. वाईट वाटलं म्हणाले. आणि जाता जाता विचारलंय, तुमच्याकडचा तो पाहुणा लग्नाचा आहे का?

आता तो सकाळी सायकलवरून कामाला जातो. माझ्या सायकलवरून. आणि दुपारी आई हाक मारते, "नर्‍या, हरीचा डबा पोचव र, गार व्हईल!" मी चालत जातो. वाळूतून, उन्हातून, बोंबलाचं कालवण हिंदकळू न देता. परवा डबा त्याच्या हातात दिला. साहेब शेजारी उभा, म्हणजे तिथं त्याला परवानगी, मीच दिलेली. डबा घेऊन तो सवयीनं म्हणाला,

"थँक्यू."

मी जागच्या जागी उभा राहिलो. म्हटलं, नरहरी, शिकवणी सुरू झाली.

उद्या पुन्हा जायचंय डबा घेऊन. दुसरा शब्द मिळाला तर बघू.